चुकलेले नाणे की बिघडवलेले?

खोटे नाणे वाजवून ओळखण्याची रीत जुनी आहे. परंतु 'टांकसाळीची चूक' म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या नाण्यापुढे ती निरुपयोगी ठरते. तेथे नाणे खरेच असते; खोटी असते ती त्यावरील खूण. दोष असलेल्या नाण्यासाठी संग्राहक दर्शनी मूल्याच्या कित्येक पट रक्कम मोजतात. त्यामुळेच कानस, आम्ल किंवा शेगडीच्या साहाय्याने अशा 'चुका' घडवलेली नाणीही बाजारात येतात. त्यांची पारख करायची तर नाणे घडते कसे, हे आधी जाणून घ्यावे लागते.

धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापल्या जातात, त्यांची कडा किंचित उचलली जाते आणि मग वरच्या व खालच्या ठशांमध्ये दाबून नाणे तयार होते. खरा दोष या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर निर्माण झालेला असतो. ज्या खुणेला असा टप्पा दाखवता येत नाही, ती बहुधा नंतरची इजा असते.

चकतीचे दोष

पत्रा पुरेसा पुढे न सरकल्यास आधीच्या छिद्रावरच पुन्हा काप बसतो आणि चंद्रकोरीएवढा तुकडा कमी असलेली चकती तयार होते. ठसा त्यानंतर उमटत असल्याने कापाजवळची अक्षरे हळूहळू विरत जातात. कापाच्या बरोबर समोरची कडाही पुष्कळदा पुसट दिसते. नाणे नंतर कापले वा कानसले असेल तर अक्षरे एकदम तुटतात, समोरची कडा शाबूत राहते आणि कापावर हत्याराचे ओरखडे दिसतात.

ठशाचे दोष

ठशावर चित्र खोलगट असते, म्हणून नाण्यावर ते उठून दिसते. हाच नियम ठशाच्या तड्यालाही लागू पडतो. तड्यात धातू शिरतो व नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. सुरीचा किंवा खिळ्याचा ओरखडा मात्र पृष्ठभागाच्या खाली जातो आणि त्याच्या दोन्ही काठांवर धातू ढकललेला दिसतो. ठशात वंगण साचल्यास अक्षर मऊपणे पुसट होते. ते घासून काढले असेल तर भोवतालचा पृष्ठभागही खरवडलेला आढळतो.

वर्षाजवळ टांकसाळीची खूण नाही, एवढ्यावरून नाणे दुर्मीळ समजू नये. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका अशी आहे. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच.

दाबाचे दोष

आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट छाप उमटते. दोन नाणी शेगड्यात दाबूनही असा आभास निर्माण करतात. मात्र त्या वेळी मूळ चित्राचे अवशेष उलट्या छापेखाली राहतात आणि दुसरी बाजू चेपलेली दिसते. दोन्हीकडे 'छापा'च असलेली नाणी बहुधा दोन नाणी कोरून व जोडून केलेली असतात. त्यांचा सांधा कडेच्या आतल्या बाजूस भिंगातून दिसू शकतो.

दहा रुपयांचे द्विधातू नाणे भारतात २००९ साली चलनात आले. त्याची मधली चकती व बाहेरचे कडे ठसा उमटतानाच एकमेकांत घट्ट बसतात. चकती सरकलेली असतानाच ठसा उमटला, तर छाप दोन्ही धातूंवर सलग राहते. चकती ठोकून काढून पुन्हा बसवली, तर दोन्ही भागांची दिशा जुळत नाही.

वजन आणि चुंबक

दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा व चुंबक एवढी साधने घरच्या पारखीस पुरतात. १९९२ ते २००४ या काळातील पोलादी रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम व व्यास २५ मिलिमीटर असतो, आणि तो चुंबकाला चिकटतो. त्याच काळातील ताम्र-निकेल मिश्रधातूचे पाच रुपयांचे नाणे ९ ग्रॅमचे असून चिकटत नाही. आम्लात बुडवलेल्या नाण्याचे वजन घटते, पण त्याचबरोबर दोन्ही बाजूंची अक्षरेही सारखीच झिजतात. केवळ रंग बदलला असेल आणि वजन नेमके असेल, तर उष्णता, रसायन वा मुलामा यांचीच शक्यता अधिक.

खरेदीपूर्वी हेही ध्यानात असावे

जुन्या नोटा व नाणी यांच्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. चलनी नाणे वितळविणे वा नष्ट करणे यास २०११ च्या नाणे कायद्यान्वये मनाई आहे. आपल्याकडील नाणे खरोखर सदोष वाटल्यास ते चिंच वा पावडरीने चकाकवू नये. घासल्याने ठशाच्या बारीक खुणा पुसल्या जातात. मग दोष खरा असूनही तो सिद्ध करणे कठीण होते आणि नाण्याची किंमत घटते.