पाहण्यापूर्वींचें जग

एखादी वस्तु कोणी पाहत नसतांनाही जशी आहे तशीच असते, हें सामान्य मनुष्याला सांगावें लागत नाहीं. विसाव्या शतकांत नेमक्या याच समजुतीवरून दोन थोर शास्त्रज्ञांचा वाद जुंपला. वस्तूला स्वतःचें निश्चित रूप असतें आणि तें सांगणें हेंच शास्त्राचें काम, ही आल्बर्ट आइन्स्टाइन यांची निष्ठा. उलट, प्रयोगाची मांडणी सांगितल्यावांचून कणाचें स्थान किंवा वेग यांविषयीं बोलण्यास अर्थ नाहीं, असें नील्स बोहर यांचें म्हणणें.

१९३० सालीं ब्रसेल्स येथील सॉल्व्हे परिषदेंत आइन्स्टाइन यांनीं प्रकाशानें भरलेली एक काल्पनिक पेटी मांडली. आंतील घड्याळानें ठरल्या क्षणीं एकच प्रकाशकण सोडावा, आणि पेटीच्या वजनांतील फरकावरून त्याची ऊर्जा काढावी. काळ व ऊर्जा हीं दोन्ही अचूक कळलीं, तर हायसेनबर्ग यांचा अनिश्चिततेचा नियम कोसळलाच! बोहर यांची रात्र तळमळण्यांत गेली. सकाळीं त्यांनीं दाखविलें कीं, वजन करतांना पेटी गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रांत हलते आणि घड्याळाची गति अनिश्चित होते. हें उत्तर आइन्स्टाइन यांच्याच सापेक्षतावादांतलें होतें.

१९३५ मध्यें आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनीं नवें कोडें घातलें. एकत्र येऊन दूर गेलेल्या दोन कणांपैकीं एकाचें मापन करतांच, दुसऱ्याला स्पर्शही न करतां, त्याविषयीं निश्चित सांगतां येतें. घरची वहाण डावी निघाली, तर परगांवीं गेलेली जोडींतली दुसरी उजवी असणार. आणि ती पहिल्यापासूनच उजवी होती. कणांचेंही तसेंच असेल, तर क्वांटम सिद्धांत अपुरा ठरतो.

आइन्स्टाइन १९५५ मध्यें वारले, बोहर १९६२ मध्यें. बोहर यांच्या फळ्यावर राहिलेल्या शेवटच्या आकृतींत ती प्रकाशाची पेटी होती.

१९६४ मध्यें जॉन बेल यांनीं या तत्त्वचर्चेला गणिताची कसोटी लावली. कणांनीं आपलीं उत्तरें आरंभापासून बरोबर नेलीं असतील, आणि एका मापनाचा परिणाम दूर तत्काळ पोंचत नसेल, तर दोन कणांच्या मेळाला मर्यादा पडते. १९७२ मध्यें फ्रीडमन व क्लाउझर यांच्या, आणि १९८२ मध्यें आस्पे यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. वहाणांचा दृष्टांत लंगडा पडला. क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर यांना २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीही बोहर जिंकले, एवढें म्हणून भागत नाहीं. त्या दोन समजुती एकत्र नांदूं शकत नाहींत, एवढेंच प्रयोगानें ठरविलें. कोणती सोडावयाची हें त्यानें सांगितलें नाहीं. तो निवाडा अजून तत्त्वज्ञानाच्याच दारीं उभा आहे.