पायातली कडी

मुंबईत थंडी म्हणून जे काही पडतं ते सुरू झालं की आमच्या वाकोल्यातही पाहुणे येतात. त्यासाठी भरतपूर गाठायला नको. नाल्याच्या काठाला किंवा कलिना कॅम्पसमधल्या मोकळ्या जागेत, शेपटी सारखी वरखाली करत तुरुतुरु पळणारा, पोटाला पिवळा असा चिमुकला पक्षी दिसला, तर तो करडा धोबी. स्वारी सप्टेंबरमध्येच हजर होते आणि उन्हाळ्यात हिमालयात किंवा त्याच्याही पलीकडे घरटं करायला परत जाते. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन तासभर भटकलं की दोन-चार बरे फोटो मिळतात.

पण हा पक्षी येतो कुठून, हे आपल्याला कळलं कसं? पूर्वीचे पक्षीअभ्यासक बंदूक वापरत. मारलेल्या पक्ष्यावरून त्याची जात कळते, प्रवास नाही कळत. त्यासाठी पक्षी जिवंत सोडावा लागतो, आणि तोच पुन्हा भेटला हे ओळखताही यावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिक आयडी हवा!

हा आयडी म्हणजे पायातली नंबर असलेली हलकी कडी. १८८३ साली स्थापन झालेल्या आपल्या मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२० च्या दशकात धारच्या महाराजांच्या मदतीने बदकांना कड्या घातल्या. त्यातल्या काहींचा पत्ता थेट सायबेरियातून लागला.

कामाला खरा जोर आला तो एका साथीमुळे. १९५७ साली म्हैसूर राज्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडली. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग संशय कोणावर? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांवर! वाकोल्याहून जवळच, वांद्र्याच्या पाली हिलवर राहणाऱ्या सलीम अलींनी ही संधी साधली. जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्यांचे रस्ते मात्र आपल्याला कळले. धोबी दर हिवाळ्यात नेमका त्याच हिरवळीच्या तुकड्यावर परत येतो, हेही कड्यांमुळेच पक्कं झालं.

आता कडीच्या जोडीला जीपीएस आलंय. २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या ६ फ्लेमिंगोंना टॅग लावले, त्यातल्या एकाचं नाव सलीम!

आपल्याकडे टॅग नाही, पण फोटोवर तारीख असते. ती आणि जागा ईबर्डवर टाका, पायात कडी दिसली तर क्लोजअप घ्या. कारण धोबी परत येतो तो 'मुंबईत' नाही, त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर. तिथे उद्या पेव्हर ब्लॉक बसले, तर तो तिथे येत होता हे सांगायला निदान कोणाकडे तरी नोंद हवी.