मागील बाकी : ऋणसंख्येची एक दक्षिण सातारी कथा

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. कुंकवाची बोटे उमटतात, 'श्री' लिहिली जाते, आणि पहिल्या पानावर जुन्या वहीतून ओढून आणलेली एक ओळ बसते : मागील बाकी. वर्ष नवे असते, पण हिशेब शून्यापासून सुरू होत नाही. ही बाकी कोणाची कोणावर, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आकडा डावीकडे 'जमा'त आहे की उजवीकडे 'नावे' आहे, यावरून ते ठरते. आपल्या जुन्या वह्यांत उणे चिन्हाची गरज कधी पडली नाही. पन्नास रुपये दोन्हीकडे पन्नासच दिसत. जागा तेवढी बदले, आणि त्या जागेच्या फरकावर घरे उभी राहत किंवा बसत.

सहावीच्या गणितात 'पूर्णांक संख्या' हा पाठ आला की मुलांना जो नवा शब्द भेटतो तो 'ऋण'. सातारा-सांगलीकडच्या मुलाला तो तसा नवा नसतो. त्याच्या घरी त्याला 'कर्ज' म्हणतात : सोसायटीचे, बँकेचे, कधी सावकाराचे. शिक्षक सोपे उदाहरण म्हणून 'तुझ्याजवळ पाच रुपये आहेत, तू सात रुपये देणे लागतोस' असे म्हणतात, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना ते सारखेच सोपे जात असेल का, हा प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा आहे. या लेखाचा तो आतला प्रश्न आहे.

शब्दाचा इतिहास मोठा आहे. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने शके ५५०, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यातल्या कुट्टकाध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम सलग दिले आहेत. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, ऋणाला ऋणाने गुणले तर धन. नियमांची इतकी नेमकी मांडणी त्याआधीची ज्ञात नाही. ऋणसंख्या मात्र त्याआधी चीनमध्ये वापरात होत्या. तिथे गणनाच्या काड्यांत तांबडी धन आणि काळी ऋण. आपल्याकडच्या कारकुनाच्या लाल शाईच्या बरोबर उलट! रंग काय किंवा डावी-उजवी बाजू काय, हा सगळा संकेताचा मामला आहे, हे त्यावरून दिसते.

ब्रह्मगुप्ताने नियम दिले, पण कर्जाला कर्जाने गुणायचे म्हणजे काय करायचे, हे सांगितले नाही. ती अडचण सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांपर्यंत (जन्म शके १०३६) पोचते. 'बीजगणिता'त ते ऋणसंख्येवर टिंब देतात आणि आरंभीच धनर्णाच्या क्रिया शिकवतात. पण मला त्यांची दोन उदाहरणे अधिक बोलकी वाटतात.

पहिले 'लीलावती'तले. त्रिकोणाचा पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला तर पायाचे दोन खंड किती? उत्तर येते १५ आणि उणे ६. उणे सहा लांबीचा खंड! भास्कराचार्य गडबडत नाहीत. तो खंड उलट दिशेला आहे, एवढेच ते म्हणतात. लंब पायावर पडतच नाही, पाया सहा घरे मागे वाढवला तर तिथे पडतो. पंधरातून सहा गेले की पाया नऊचा नऊ, लंब ८ आणि क्षेत्रफळ ३६. कागदावर आकृती काढून पाहावी, दोन मिनिटांचे काम आहे. इथे ऋण म्हणजे कर्ज नाही, ऋण म्हणजे दिशा.

दुसरे 'बीजगणिता'तले माकडांचे. कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून तीन वजा केले, उरले त्याचा वर्ग केला; तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. कळप किती? उत्तरे दोन : ५० आणि ५. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन, वर्ग चार, आणि फांदीवरचे एक मिळून पाच. हिशेब चोख जुळतो. तरी भास्कराचार्य हे उत्तर बाजूला ठेवतात, कारण उणे दोन माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही. आकडेमोड चुकली असे ते म्हणत नाहीत. लोकांची प्रतीती नाही, असे म्हणतात. ज्याने उणे सहाचा खंड निःशंक स्वीकारला, त्यानेच उणे दोन माकडे नाकारली. रेषेला मागे जाता येते, माकडाला उणे होता येत नाही. कोणती वस्तू ऋण होऊ शकते आणि कोणती नाही, हा फरक बाराव्या शतकात इतक्या स्वच्छपणे केलेला आहे, आणि आजही पाठ तयार करताना तोच विसरला जातो. 'उणे तीन आंबे' फळ्यावर लिहिणारे शिक्षक काही कमी नाहीत.

हा धागा पुढे नेला तो कृष्ण दैवज्ञाने. हे घराणे मूळचे विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, नंतर काशीला गेलेले. कृष्णाला जहांगीराच्या दरबारात मान होता, आणि त्याचा भाऊ रंगनाथ सूर्यसिद्धान्ताचा टीकाकार. भास्करीय बीजगणितावरची कृष्णाची 'बीजपल्लव' ही टीका इ. स. १६००च्या सुमाराची आहे. ऋणत्व म्हणजे वैपरीत्य, उलटेपण, असे तो सांगतो. आणि ते तीन प्रकारचे आहे : देशाने, काळाने आणि वस्तूने. पूर्वेकडे चालणे धन मानले तर पश्चिमेकडचे ऋण. पुढचे दिवस धन तर मागचे ऋण. मालकीची संपत्ती धन तर देणे ऋण. उदाहरणासाठी त्याने काशीच्या पूर्वेचे पाटलिपुत्र आणि पश्चिमेचे प्रयाग घेतले आहे. रोजच्या व्यवहारातून धन-ऋण शिकवणे ही अलीकडच्या शिक्षणशास्त्राची देणगी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण पाहावे.

त्यानंतर दोनशे वर्षांनी इंग्लंडात विल्यम फ्रेंड हा गणिती ऋणसंख्या बीजगणितातून हद्दपार करायला निघाला होता (१७९६). त्याचा पुढे जावई झालेला ऑगस्टस डी मॉर्गन, जन्माने मदुरैचा, १८३१ मध्ये विद्यार्थ्यांना विचारतो : बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९चा, बापाचे वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? उत्तर उणे दोन. म्हणजे होऊन गेले, दोन वर्षांपूर्वी. प्रश्नच उलटा विचारला होता, असे तो समजावतो. कृष्ण दैवज्ञाच्या तीनांपैकी हा दुसरा प्रकार, काळाचा.

आता तिसऱ्या प्रकाराकडे, वस्तूकडे, म्हणजे देण्याघेण्याकडे यायला हवे. तिथे आपला मुलूख येतो.

१२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली, आणि पुणे-नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. त्यांचा साताऱ्याकडचा पडसाद त्याच सप्टेंबरात कुकरूडला उमटला. कुकरूड आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. (दक्षिण सातारा जिल्हा १९४९चा, त्याचे सांगली हे नामकरण १९६०चे.) या दंग्यांत जमावाला हवे होते ते मुख्यतः कागद : कर्जरोखे, खतपत्रे, हुकूमनामे. ते मिळाले की जाळायचे. सावकाराने मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही.

गणिताच्या भाषेत ही कोणती क्रिया झाली? धान्य लुटले असते तर ती धनाची बेरीज. इथे घरात काहीच आले नाही. ऋण वजा झाले. ऋण वजा केले की तेवढे धन वाढते, हा ब्रह्मगुप्ताचा नियम कोणत्याही पंतोजीने न शिकवता त्या रयतेला ठाऊक होता. सहावीच्या पुस्तकात पाच वजा उणे तीन बरोबर आठ हे पटवून देताना शिक्षकांची जी दमछाक होते, तिचे उत्तर या जळक्या कागदांत आहे. पाच रुपये गाठीला, तीन देणे; देणे कोणी माफ केले, तर आदल्यापेक्षा तीन रुपयांनी आपण वर. हातात नवे नाणे आलेले नाही.

अर्थात रोखा जाळून सरकारदरबारची बाकी फिटत नव्हती. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तरतूद गणिताची आहे. न्यायालयाने रोख्यावरचा आकडा प्रमाण मानून थांबायचे नाही. व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचे, मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, भरणा वेगळा असा हिशेब नव्याने मांडायचा. म्हणजे 'मागील बाकी' ही ओळ उलगडायची. निरक्षर कुळाचा सगळा घात त्या एका ओळीत झालेला असे. जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे, आणि दिलेले पैसे जमेत पडले की नाही हे वही ज्याच्या हातात तोच जाणे. आकडा तोच, पण तो कुठल्या बाजूला बसतो ते वाचता येत नाही, या असहायतेला त्या काळी गणिताचे अज्ञान कोणी म्हटले नाही. ते तेच होते. कायद्याने सगळे सुधारले असेही नाही : सावकार कर्जरोख्याऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. पुढे बेचाळीसच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारला सावकारीचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा लागला, यावरून काय ते समजावे.

याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. वसतिगृहाची शिल्लक संपली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिथे आलेली अनेक मुले त्यांच्या घराण्यातली वही वाचू शकणारी पहिली पिढी होती. भाऊराव स्वतः साताऱ्यात शिकवण्या घेत, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. कूपर आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे जमा-नावे त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होते.

एक अवांतर. मराठी मूल धन-ऋण सहावीत शिकते हे तितकेसे खरे नाही. ते बालवाडीतच 'एकोणीस' म्हणते : एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण दर दशकाच्या उंबरठ्यावर वजाबाकी करतो. 'वजा' आणि 'बाकी' फारसीतून आलेले, 'उणे' संस्कृत 'ऊन'मधले. तिघे एका वाक्यात सुखाने नांदतात. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीत 'वीस नऊ' असे संख्यावाचन सुचवले गेले तेव्हा बराच गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण सांगितली होती, आणि ती खोटी नव्हती. पण त्या वादात 'एकोण'मधली वजाबाकी मुलांना उलगडून दाखवू, असे म्हणणारा आवाज मला फारसा ऐकू आला नाही.

कर्जाचे उदाहरण ज्यांच्या घरी ताजे असेल, त्यांच्यासाठी कृष्ण दैवज्ञाचे उरलेले दोन प्रकार आहेत, आणि सांगलीला ते कृष्णेच्या काठी एकत्र मिळतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाशी नदीची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. धोक्याची पातळी शून्य धरा. इशारा उणे पाचवर येतो. २००५चा पूर, ५३ फूट ९ इंच, अधिक ८ फूट ९ इंचांवर; २०१९चा, ५७ फूट ६ इंच, अधिक १२ फूट ६ इंचांवर. शून्य कुठे ठेवायचे ते आपण ठरवतो, नदी ठरवत नाही. हरिपूरच्या हळदीच्या पेवांसाठी शून्य जमिनीची पातळी होती. माल ऋणात, जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षे सुखरूप राहत असे. २००५च्या पाण्याने त्यांतली बरीच पेवे निकामी केली.

आणि ज्या प्रश्नाशी सगळे अडतात, ऋण गुणिले ऋण धन का, तो ओसरत्या पुरात सुटतो. पाणी दिवसाला दोन फूट उतरते आहे : उणे दोन. तीन दिवसांपूर्वी : उणे तीन. तेव्हा पाणी आजच्यापेक्षा सहा फूट वर होते. इथे कर्जाला कर्जाने गुणावे लागत नाही. दिशा आणि काळ यांचा गुणाकार होतो. सांगलीच्या गावभागात उंबरठा शून्य धरून हा हिशेब केला, तर आज पाणी पायरीखाली दोन फूट आहे असे सांगणारी मुलगी परवाच्या तीन दिवस आधी ते कुठवर होते, हे भिंतीवरची ओल न पाहता सांगू शकते. परवा उणे दोन दिवस, त्याच्या तीन दिवस आधी उणे पाच. उणे दोनला उणे पाचाने गुणले की दहा. दहातून पायरीखालचे दोन गेले, उंबरठ्याच्या वर आठ फूट. त्या दिवशी घरात कोणी नव्हते.