प्रकाशाचा रेटा आणि कणांची संघटना

प्रकाश नुसता उजेड देत नाही, तो ढकलतोही. हे मॅक्सवेलने १८७३ मध्ये गणिताने मांडले. पुढे रशियात लेबेदेव याने तो रेटा मोजून दाखविला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्ये समोरासमोरच्या दोन लेसर-झोतांत पाण्यातील सूक्ष्म गोळी पकडून ठेविली. २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही झाली एकट्या कणाची कथा. १९८९ मध्ये बर्न्स, फूर्निए व गोलोव्हचेंको यांनी पाण्यातले दोन कण एकाच प्रकाशात ठेवले. तेव्हा ते वाटेल तेथे थांबेनात. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हिशेबाने ठराविक अंतरे राखू लागले. कारण प्रत्येक कण अंगावरचा प्रकाश विखुरतो. तो मूळ झोतात मिसळून शेजाऱ्याची जागा ठरवितो. १९९० मध्ये त्यांनी प्रकाशाच्याच बळावर अनेक कणांची स्फटिकासारखी मांडणी करून दाखविली.

संघटनेच्या कामात हयात घालविलेल्या मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. बाहेरचा रेटा ढकलतो. नाते जुळते ते एकाकडून दुसऱ्याकडे पोचलेल्या प्रकाशाने. मात्र झोत थांबला की कण पुन्हा विखुरतात, हेही ध्यानात ठेवावे.