शेलांतील वायु व पाण्याची धास्ती

अहिल्यानगरला लागून असलेलें नागापूर आज कारखान्यांनीं गजबजलें आहे. पण त्या भागांत विहीर खणणाऱ्यास एक गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक असते. काळ्या फत्तरास फट असेल तरच पाणी लागतें. नसेल तर सुरुंग लावावा लागतो. तो फत्तर लाव्ह्याचा, त्यांत वायु नाहीं. मी ज्याविषयीं बोलणार आहें तो शेल, म्हणजे चिखलाचे थर दबून झालेला खडक. फटीचा न्याय मात्र तेथेंही तोच.

सन १८२१ च्या सुमारास अमेरिकेंतील फ्रेडोनिया गांवीं विल्यम हार्ट यानें अवघी २७ फूट विहीर खणून शेलांतील वायु मिळविला व त्यावर दिवे लागले. खोलवरचा शेल इतका उदार नव्हता. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म, कीं वायु असूनही बाहेर येईना. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनें १९८१ सालीं टेक्ससमधील बार्नेट शेलांत पहिली विहीर घेतली. भारी दाबानें द्रव कोंबून खडक फोडावयाचा आणि फटी मिटूं नयेत म्हणून त्यांत वाळू सोडावयाची, अशी ही रीत. पण द्रव कोणता?

पाण्याची सर्वांना धास्ती होती, व ती निराधार नव्हती. शेलांतील चिकणमाती पाण्यानें फुगूं शकते. शिवाय केशाकर्षणानें छिद्रांत अडकलेलें पाणी वायूची वाट अडवितें. म्हणून द्रव दाट करीत. आणि कशानें, तर गवारीच्या बियांच्या डिंकानें! आपल्या घरीं शिरा काढून जिची भाजी होते, तीच ही गवार.

पुढें तेथील अभियंते निक स्टाइन्सबर्गर यांच्या एका विहिरीवर हें मिश्रण चुकून पातळ झालें, तरी विहिरीचें कांहीं बिघडलें नाहीं. तेव्हां १९९७ सालीं त्यांनीं दाट द्रव सोडून, घर्षण कमी करणारें किंचित् द्रव्य मिसळलेलें पाणीच वापरून पाहिलें. पहिल्या विहिरी फसल्या. १९९८ सालीं 'ग्रिफिन क्रमांक ४' हिनें मात्र भरपूर वायु दिला, आणि खर्चही पुष्कळ उतरला.

मग धास्ती खोटी होती काय? अर्धीच. कोंबलेल्या पाण्यापैकीं पुष्कळसें वर येतच नाहीं. खडक तें पितो. कधीं तें आंत मुरून फटीचें तोंड मोकळें होतें, कधीं तेंच वायूस कोंडतें.

आपल्या देशांत २५ जानेवारी २०११ रोजीं दुर्गापूरजवळ इच्छापूर येथें सुमारें १७०० मीटर खोलीवर शेलवायु लागला. मोठें उत्पादन कांहीं त्यांतून उभें राहिलें नाहीं. अशा एकेका विहिरीस कोटी लिटरांहून अधिक पाणी लागूं शकतें, आणि त्यांतील किती परत येईल तें त्या त्या खडकावर अवलंबून असतें.