जोडा कोठे चावतो?

‘जोडा कोठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक’ ही म्हण इंग्रजीसह अनेक युरोपीय भाषांत रूढ आहे. आधुनिक काळात ती भोगणाऱ्याच्या बाजूची मानली जाते. जॉन ड्यूई याने १९२७ साली ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ या ग्रंथात लोकशाहीच्या समर्थनार्थ हाच दृष्टान्त योजला: जोडा दुरुस्त कसा करावा हे कारागीर उत्तम जाणत असेल, पण तो चावतो आणि कोठे चावतो हे घालणाराच जाणतो. स्वानुभवाचे प्रामाण्य मानणाऱ्या साहित्यविचारालाही ही म्हण जवळची वाटावी. तिचा पूर्वेतिहास मात्र या अर्थाला सहजासहजी साथ देत नाही.

प्लुटार्कने या म्हणीमागची कथा दोनदा सांगितली आहे. एमिलियस पॉलसच्या चरित्रात, त्याने पापिरियाला दिलेल्या घटस्फोटाच्या ओघात, एका अनाम रोमन गृहस्थाची गोष्ट येते. शीलवती, रूपवती, पुत्रवती अशी पत्नी का टाकलीस, असे मित्रांनी विचारताच त्याने आपला जोडा पुढे केला: हा नवा नाही काय, सुबक नाही काय, पण तो मला कोठे चावतो हे तुम्हांपैकी कोणाला कळेल? (मराठीत ‘जोडा’ म्हणजे दांपत्यही, हा केवळ योगायोग.) ही कैफियत बिनतोड आहे, कारण तिला पुरावा लागतच नाही. वेदना इतरांना अगोचर आहे, एवढ्यानेच ती निर्णायक ठरते. घालणारा बोलतो, मित्र निरुत्तर होतात. जोड्याला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नवविवाहितांना केलेल्या उपदेशात प्लुटार्क तीच कथा पुन्हा सांगतो, पण तेथे रोख पत्नीकडे वळतो: हुंडा, कुळ, रूप यांवर तिने विसंबू नये, रोजच्या सहवासात बोचू नये. म्हणजे आता जोड्यालाच न चावण्याची शिकवण.

इ.स. ३९३ च्या सुमारास जेरोमने जोव्हिनियनविरुद्धच्या ग्रंथात, विवाहापेक्षा ब्रह्मचर्य श्रेष्ठ ठरवताना, ही कथा उचलली आणि ती स्त्रीनिंदेच्या भांडारात जमा झाली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने रंगवलेल्या बाथच्या स्त्रीचा पाचवा नवरा जी पोथी तिला वाचून दाखवतो, तिच्यात जेरोमचा हाच ग्रंथ बांधलेला आहे. आणि हीच स्त्री आपल्या चौथ्या नवऱ्याविषयी बोलताना, त्याचा जोडा त्याला फार चावत असे, अशी फुशारकी मारते. रूपक तेच, वक्ता बदलला आहे. येथे जोडाच बोलतो आणि चावल्याची कबुली अभिमानाने देतो. अर्थात हा आवाजही एका पुरुष कवीनेच घडवलेला आहे, आणि त्याच कवीच्या ‘व्यापाऱ्याच्या कथे’त म्हण पुन्हा नवऱ्याच्या तोंडी परतते.

मराठीतील ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण याच रूपकाच्या गोत्रातली, उसनवारीची नव्हे. तिच्यात चावण्याचा उल्लेखच नाही. वेदना ना पायाला, ना वहाणेला. आहे ती फक्त जागा. प्लुटार्कच्या गृहस्थाला निदान मित्रांपुढे कारण द्यावे लागले. सुनेला, सेवकाला किंवा खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला ही म्हण ऐकवली गेली, तेव्हा कारण विचारणारे मित्रही तेथे नव्हते.