गोपाळगड ते अंतराळ

अंजनवेलचा गोपाळगड दाभोळच्या खाडीच्या तोंडावर तोफांनी पहारा देई. गड मूळचा आदिलशाहीतला. याच विजापूरकरांची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ओतली होती. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. हुन्नर असा देशोदेशी फिरतो.

तोफेतून स्वस्तात उपग्रह पाठवावा, हे कॅनडाच्या जेराल्ड बुल यांचे स्वप्न. १९६६ मध्ये त्यांच्या तोफेने १८० किलोमीटर उंची गाठली. पण कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर आडवा वेग हवा. त्यासाठी वर गेल्यावर रॉकेटही पेटवावे लागते. नाहीतर गोळा परत जमिनीवरच येतो. पुढे सरकारी पैसा आटला. मग बुल यांनी सद्दामसाठी महातोफ करायला घेतली. १९९० मध्ये ब्रुसेल्समध्ये त्यांचा खून झाला.

तोफ आकाशाकडे रोखायची की शेजाऱ्याकडे, हे कारागीर नव्हे, त्याला पोसणारा ठरवतो.